मनालीच्या पुढे, उणे दहात गाडी सुरू होत नाही तेव्हा

३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा खुला झाला आणि महाराष्ट्रातल्या गाडीवाल्यांना एक नवीनच हिवाळा मिळाला. त्याआधी ३,९७८ मीटरवरची रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की लाहौल खोरं जवळजवळ सहा महिने तुटलेलं असायचं. डिसेंबरात तिथे स्वतःची गाडी न्यायचा प्रश्नच नव्हता. आता ९.०२ किलोमीटरचा बोगदा संपला की तुम्ही पलीकडे, तीन हजार मीटरच्या वर. सिस्सू-केलाँगच्या होमस्टेसमोर एमएच-१२, एमएच-१४, एमएच-३१ अशा पाट्या ओळीने उभ्या दिसतात. आदल्या संध्याकाळी त्या मजेत आलेल्या असतात. सकाळी आठला त्यातली एखादी हूं की चूं करत नाही.

मग बॉनेट उघडतं, चार जण गोळा होतात आणि चौघांची चार निदानं. एक म्हणतो बॅटरी, दुसरा म्हणतो सेन्सर, तिसरा म्हणतो उंचीमुळे होतं. खरं तर यात फार गूढ काही नसतं. गाडीतलं लोखंड उणे दहालाही लोखंडच राहतं. बदलतात ते गाडीतले द्रव: बॅटरीतलं आम्ल, टाकीतलं डिझेल, इंजिन ऑइल आणि कूलंट. या चौघांतलं कोण रुसलंय, ते बहुतेक वेळा बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून कळतं.

चावी फिरवल्यावर एकच ‘टक’ किंवा भराभर ‘टक-टक-टक-टक’ आलं आणि मीटरवरचे दिवे मंद झाले, तर बॅटरी संपलेली आहे, नाहीतर तिचं टर्मिनल सैल आहे. आधी टर्मिनल हलवून बघा, फुकटचं काम आहे. ‘घुर्रर्र… घुर्रर्र…’ असा रेंगाळत फिरणारा सेल्फ म्हणजे बॅटरी अर्धवट आणि ऑइल घट्ट, दोन्ही एकत्र. सेल्फ खणखणीत फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, इंधन पोचत नाहीये. चौथा प्रकार सगळ्यात फसवा. गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, सगळे खुश होऊन बॅगा भरतात, दोन-तीन किलोमीटर जातात, आणि चढावर ओढ जाऊन गाडी गचके खात बंद पडते. तिथे जवळजवळ हमखास डिझेल थिजलेलं असतं. पेट्रोल या थंडीत गोठत नाही. पेट्रोल गाडीवाल्यांनी डिझेलचा भाग सोडून दिला तरी चालेल.

बॅटरी: मार बसतो मे महिन्यात, कळतं जानेवारीत

बॅटरीतली वीज रासायनिक क्रियेतून येते आणि थंडीत ती क्रिया मंदावते. उणे १८ अंशांना नेहमीच्या बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जवळजवळ दुप्पट जोर लागतो. एका बाजूने आवक निम्मी, दुसऱ्या बाजूने खर्च दुप्पट. बॅटरीच्या स्टिकरवर ‘सीसीए’ (गारठ्यात इंजिन फिरवायची ताकद) म्हणून जो आकडा असतो तो याच उणे १८ ला मोजलेला असतो. विकत घेताना तो आपल्याकडे कुणी बघत नाही, कारण आपल्याला त्याची गरजच पडत नाही.

पण बॅटरीचं आयुष्य थंडी कमी करत नाही, ते उन्हाळ्यानेच कमी झालेलं असतं. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात बॉनेटखालच्या भट्टीत आतल्या पट्ट्या गंजत जातात. आपल्याकडे ते झाकून राहतं, कारण गरम हवेत इंजिन हलक्या झटक्यालाही सुरू होतं. म्हणून तीन वर्षं जुनी, ‘अजून एकदम चांगली आहे’ अशी बॅटरी लाहौलच्या पहिल्याच रात्री हात टेकते. निघण्याआधी बॅटरीवाल्याकडून लोड टेस्ट करून घ्या, नुसतं व्होल्टेज बघून समाधान मानू नका. तरी मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि ११.९ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी, एवढं लक्षात असू द्या.

रिकाम्या बॅटरीचा आणखी एक धोका असतो. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० च्याही खाली द्रव राहतं. पूर्ण उतरलेल्या बॅटरीत मात्र उरतं जवळजवळ पाणीच, आणि ते उणे दहाच्या सुमाराला गोठू शकतं. बॅटरीची पेटी फुगलेली किंवा तडकलेली दिसली तर तिला जंपर केबल लावू नका, फुटू शकते.

पेटी ठीक असेल तर जंप स्टार्ट हा सरळ उपाय आहे, फक्त क्रम चुकवू नका. लाल केबलचं एक टोक बंद गाडीच्या प्लसला, दुसरं चालू गाडीच्या प्लसला. काळ्या केबलचं एक टोक चालू गाडीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. हे शेवटचं टोक बॅटरीवर का नको? कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि जोडताना ठिणगी पडते. मग चालू गाडी पाच-सात मिनिटं चालू ठेवा आणि त्यानंतर तुमचा सेल्फ मारा. दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा-एक मिनिट विश्रांती. क्लच पूर्ण दाबून मारा, म्हणजे गिअरबॉक्समधलं गारठलेलं ऑइल ढवळायचा भार सेल्फवर पडत नाही. सुरू झाल्यावर केबल उलट्या क्रमाने काढा.

‘चल, धक्का मारू’ हा आपला राष्ट्रीय उपाय इथे गुंडाळून ठेवा. ऑटोमॅटिक गाडीला तो लागू नाहीच. मॅन्युअल गाडी बर्फाळ उतारावर इंजिन बंद ठेवून सोडली तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही दगडासारखे जड होतात, कारण दोघांनाही मदत करणारं इंजिन किंवा वीज तेव्हा हजर नसते. धक्का मारणाऱ्यांचे पायही त्याच बर्फावर असतात, हे वेगळंच.

डिझेल

हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवत मोठं झालेल्या माणसाला हा भाग वेगळा शिकवायची गरज नाही. डिझेलमध्ये मुळातच मेणासारखा घटक असतो. उबेत तो विरघळलेला राहतो. तापमान उतरलं की आधी त्याचे बारीक कण तयार होऊन डिझेल गढूळ दिसायला लागतं. अजून उतरलं की ते कण फिल्टरच्या कागदात अडकून तो बंद करतात. सगळ्यात शेवटी डिझेल ओतताच येत नाही असं घट्ट होतं. यातली मधली पायरी आपल्या कामाची. टाकीतलं डिझेल वाहतं असतं, हलवलं तर खळखळतं, म्हणून माणूस म्हणतो ‘कुठे थिजलंय?’ पण फिल्टर तोंड मिटून बसलेला असतो.

भारतीय मानकात डिझेलला याबाबत मर्यादा घातलेली आहे: फिल्टर चोंदण्याचं तापमान उन्हाळ्यात १८ अंशांपेक्षा आणि हिवाळ्यात ६ अंशांपेक्षा वर नसावं. उणे नाही, अधिक ६! प्रत्यक्षात मिळणारं डिझेल बरेचदा याहून बरं असतं, पण मैदानी पंपावर तुम्हाला मिळणारी हमी एवढीच. चंदीगडला किंवा अंबाल्याला फुल्ल केलेली टाकी घेऊन तुम्ही उणे बाराच्या रात्रीत शिरलात, तर दोष गाडीचाही नाही आणि पंपाचाही नाही.

लाहौल-लडाखच्या लोकांचं काय? त्यांनी वर्षानुवर्षं जुगाडावर काढली. मग नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने खास हिवाळी डिझेल आणलं, पानिपतच्या रिफायनरीत बनणारं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं. ते लडाख, कारगिल, काझा, केलाँग अशा उंचावरच्या भागांसाठी आहे. म्हणून नियम साधा: मैदानातलं डिझेल वर पोचेपर्यंत संपत येईल असा हिशेब ठेवा आणि शेवटची टाकी जमेल तितकी वर भरा. केलाँगच्या अलीकडचा तांदीचा पंप सगळ्यांना माहीत असतो, ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ या पाटीसमोर फोटो काढायला लोक थांबतात. थांबलातच आहात तर ‘हिवाळी डिझेल आहे का’ हेही विचारून घ्या.

गाडी सुरू होऊन मग का बंद पडते, तेही इथेच कळेल. चालत्या गाडीत इंजिनाच्या इंधन-पंपाकडून परत येणारं गरम डिझेल टाकीत मिसळत राहतं, म्हणून दिवसभर त्रास नसतो. रात्री सगळं गारठतं. सकाळी इंजिनच्या नळ्यांत आणि पंपात उरलेल्या थोड्या डिझेलवर गाडी सुरू होते आणि ते संपलं की फिल्टरमधून पुढे काही येतच नाही.

तिथला एखादा जुना ड्रायव्हर हे कसं बघतो ते पाहण्यासारखं आहे. तो लॅपटॉप लावत नाही. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून एका पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल काढतो आणि बाटली आकाशाकडे धरतो. स्वच्छ दिसलं तर दुसरीकडे शोध. ताकासारखं पांढुरकं दिसलं की तो स्वयंपाकघरातून गरम पाणी मागवतो, फडकी त्यात भिजवून फिल्टरभोवती गुंडाळतो, निवली की बदलतो. जवळच्या वायरिंगवर पाणी पडू देत नाही. मधल्या वेळात चहा. ऊन गाडीवर आलं की अर्धं काम तेच करतं. तोवर पुन्हापुन्हा सेल्फ मारून चांगली बॅटरी उतरवू नये, एवढंच आपल्याकडून अपेक्षित असतं. गाडीचा एक जादा डिझेल फिल्टर सोबत ठेवा आणि तो नेमका कुठे बसतो ते घरीच बघून घ्या.

सुरू करताना हीटर प्लगचा दिवा (कॉइलसारखं चिन्ह) विझेपर्यंत थांबा. कडक थंडीत चावी बंद करून पुन्हा ऑन करा, असं दोन-तीनदा केलं की सिलिंडर जास्त तापतात. डिझेलमध्ये घालायचं अँटी-जेल मिळतं, ते उपयोगी आहे, पण थिजण्याआधी घातलं तरच. एकदा मेण जमल्यावर ते विरघळवायची ताकद त्याच्यात नसते.

आणि रॉकेल. ‘लिटरभर रॉकेल टाका, साहेब’ हा सल्ला तुम्हाला मिळेलच. तो खोटा नाही. रॉकेलने मेण पातळ होतं आणि जुन्या ट्रकांनी ते पचवलंही. पण आजच्या गाड्यांचा पंप दीड-दोन हजार बार दाबावर चालतो आणि त्याचं वंगण म्हणजे डिझेलच. रॉकेल त्याला कोरडं पाडतं. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत मी हे करणार नाही, पंपाचं बिल आख्ख्या सहलीपेक्षा मोठं येतं. टाकीखाली जाळ करायची पद्धतही कुठे कुठे दिसते. त्यावर काय बोलायचं!

मोठ्या बीएस-६ डिझेल गाड्यांत वेगळ्या टाकीत जे युरियाचं द्रावण असतं (पंपावर ‘डीईएफ’ म्हणतात), ते उणे ११ ला गोठतं. त्याची चिंता नको, गाडी तशीही सुरू होते आणि ते हळूहळू वितळतं. फक्त ती टाकी काठोकाठ भरू नका.

ऑइल आणि कूलंट

ऑइलच्या डब्यावर ‘५ डब्ल्यू-३०’ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा थंडीचा. तो जितका लहान तितकं ऑइल गारठ्यात पातळ राहतं. आपल्याकडे जुन्या गाड्यांत २० डब्ल्यू-४० सर्रास चालतं, वर मात्र ते काकवी होऊन बसतं. गाडीच्या पुस्तकात परवानगी असलेला सगळ्यात लहान आकडा घाला, बस.

कूलंटचं प्रकरण जास्त महागात जातं. महाराष्ट्रात ‘थोडं पाणी टाकलं’ हे वर्षभर चालून जातं. निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. पाणी घालत घालत कूलंट तीस टक्क्यांवर आलं की ही मर्यादा उणे १५-१६ वर येते, आणि नुसतं पाणी असेल तर काय होणार ते सांगायला नको. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. रेडिएटर तर फुटतोच, इंजिन ब्लॉकलाही चीर जाऊ शकते, आणि त्यावर रस्त्याकडेला उपाय नाही. शंभर टक्के कूलंट ओतूनही भागत नाही, निव्वळ ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं. मिश्रणच हवं.

हँडब्रेक, दारं, काचा

रात्री हँडब्रेक ओढू नका. ओली केबल किंवा ब्रेकचे लायनर ड्रमला गोठून चिकटतात आणि सकाळी मागची चाकं फिरायचं नाव घेत नाहीत. गाडी सपाटीवर उभी करा, गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये) टाका आणि चाकाला मोठे दगड लावा. तिथे प्रत्येक गाडीच्या चाकाखाली दगड दिसतात ते यासाठीच. वायपर उभे करून ठेवा. काचेवर उकळतं पाणी ओतू नका, तडकते. दार उघडलं नाही तर खसकन ओढण्याऐवजी बाहेरून अंगाने दाबा, रबरावरचा बर्फ मोडतो. टायरची हवा थंडीत उतरते, दर साडेपाच-सहा अंशांमागे सुमारे एक पीएसआय, पण उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्याने मीटरवर तीन-चार पीएसआय परत वाढलेले दिसतात. त्यामुळे खाली बसून हिशेब करू नका, वर पोचल्यावर गार टायरची हवा मोजा.

पाचवा द्रव

रस्त्यावरचं पाणी. दुपारी कडेचा बर्फ वितळून पाणी डांबरावरून वाहतं, चार वाजता डोंगराची सावली पडते आणि त्याच पाण्याची पारदर्शक काच होते. तिथले ड्रायव्हर ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. डांबर ओलं दिसतं, इतकंच. सोलंग ते बोगद्याचं तोंड, नाल्यांवरची वळणं, पूल आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावरचा सावलीचा पट्टा या तिच्या ठरलेल्या जागा. ४० च्या वेगात सुक्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून नऊ-दहा मीटरमध्ये थांबणारी गाडी बर्फावर साठेक मीटर जाते. फोर बाय फोर असली तरी तेवढीच जाते. चारही चाकांची ताकद गाडी हलवायला कामी येते, थांबवायला नाही, आणि बोगद्याच्या वाटेवर कडेला घसरलेल्या गाड्यांत फोर बाय फोर काही कमी नसतात.

घसरायला लागली तर पाय ॲक्सिलरेटरवरून उचला, स्टिअरिंग जिकडे जायचंय तिकडे हलकेच वळवा, झटका कशालाच देऊ नका. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि ब्रेक मारावाच लागला तर पायाखाली थरथर जाणवली तरी ब्रेक सोडू नका. साखळ्या इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच लावायच्या: आपल्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानना पुढच्या. मागच्या चाकांना साखळ्या बांधून पुढची चाकं जागच्या जागी फिरवणारे दर वर्षी दिसतात. साखळीवर वेग ३०-४० च्या वर नको. अडकलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अलगद काढा, चाकाखाली बारदान, माती किंवा पायपुसणी टाका, आणि गाडीच्या उताराकडच्या बाजूला कुणालाही उभं राहू देऊ नका.

रात्र गाडीतच काढायची वेळ आली तर

डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यात बर्फामुळे शेकडो गाड्या अडकल्या होत्या. अशा वेळी गाडी सोडून चालत जायचा मोह आवरा. अंधारात, पडत्या बर्फात गाडीइतका चांगला आडोसा मिळत नाही आणि शोधणाऱ्यांनाही गाडी आधी दिसते. पण हीटर लावून झोपणं हा त्याहून मोठा धोका आहे. सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलं की धूर खालून आत शिरतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून जास्त माणसं गेली. काही थंडीने, तर काही या वायूने गेल्याचं तेव्हा सांगण्यात आलं.

म्हणून इंजिन तासाला दहा मिनिटं, त्याआधी प्रत्येक वेळी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ उकरायचा, वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी, आणि एक जण जागा. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर आधी इंजिन बंद, काचा उघड्या. ते विरळ हवेमुळे असेल असं धरून बसू नका. कोळशाची शेगडी गाडीत किंवा बंद खोलीत कधीच नाही. जाड कपडे आणि पाणी डिकीतल्या बॅगेच्या तळाशी नको, सीटवर हवं.

फोन लागला तर ११२, किंवा हिमाचलात जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७. सांगताना ‘बोगद्याच्या पुढे कुठेतरी’ म्हणू नका. बोगद्याच्या कुठल्या बाजूला, शेवटचं गाव कोणतं, किलोमीटरच्या दगडावर काय लिहिलंय, गाडीत माणसं किती आणि त्यात लहान मूल किंवा आजारी कोण, हे आधी सांगा. मेकॅनिकला फोन करत असाल तर गाडीचं मॉडेल, डिझेल शेवटचं कुठे भरलं आणि सेल्फचा आवाज कसा आला, एवढं पुरतं. आवाज फोनवर ऐकवलात तर आणखी बरं.

दोरीने गाडी ओढून न्यायची पाळी आली तर बर्फावर नाही म्हणा. ओढल्या जाणाऱ्या गाडीचं इंजिन बंद असतं, ब्रेक जड असतो, आणि उतारावर ती पुढच्या गाडीवर जाऊन आदळते. क्रेन किंवा सपाट ट्रक मागवा. त्यासाठी लागणारा हूक टूलकिटमध्ये सुटा ठेवलेला असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून पिळून बसवायचा असतो. विम्याची रस्त्यावरची मदत बोगद्यापलीकडे येते का, हे पुण्याहून निघण्याआधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या. ‘संपूर्ण भारतात’ असं छापलेलं असलं तरी क्रेन मनालीहून वर यायला रस्ता खुला असावा लागतो.